‘मदरबोर्ड गेलाय’ : साताऱ्यातल्या एका घरातल्या संगणकाचं प्रकरण

घर साताऱ्यातलं. संगणक २०१४ साली स्थानिक दुकानातून असेंबल करून घेतलेला. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, एच-८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, सोबत ६०० व्हीएचा यूपीएस. वापरणाऱ्या एका मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. गावात सगळे त्यांना बाईच म्हणतात, मीही म्हणतो. माझा व्यवसाय संगणक दुरुस्तीचा, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. बाईंच्या संमतीने, ओळख पटेल असं काही न ठेवता ते इथे मांडतो आहे.

बाईंची या यंत्रावरची कामं ठरलेली. सोसायटीचा हिशोब, बँकेचे व्यवहार, परदेशातल्या नातीशी बोलणं आणि घराण्याचा कुलवृत्तांत. हा कुलवृत्तांत सासऱ्यांनी वह्यांमध्ये जमवलेला. बाईंनी तो श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या प्रणालीत टाइप करायला घेतला, त्याला बरीच वर्षं झाली. नव्या शाखा, नवी लग्नं, नवे पत्ते अशी भर पडतच राहिली आणि चारशेच्या वर पानं झाली.

२०२५च्या पावसाळ्यात बाई मुलाकडे पुण्याला होत्या. गौरी-गणपतीला परत आल्या आणि संगणक लावायला गेल्या, तर पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा मात्र काळाच. एका तंत्रज्ञाने येऊन पाहिलं आणि सांगितलं, ‘मदरबोर्ड गेलाय. या मॉडेलचा आता नवीन मिळत नाही. नवं मशीन घ्या.’ मुलानेही फोनवर तेच सांगितलं, ‘आई, दिवाळीला मी लॅपटॉप घेऊन येतो. ते धूड भंगारात दे.’ दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचा आणखी जुना संगणकी पसारा खाली आला. भंगारवाल्याला बोलावणंही गेलं. भाव ठरता ठरता बाईंना कुलवृत्तांत आठवला आणि मला फोन आला.

तक्रारी चार

विचारत गेल्यावर चार तक्रारी निघाल्या. एक, संगणक सुरूच होत नाही. दोन, सुरू व्हायचा तेव्हाही मिनिटंच्या मिनिटं घ्यायचा. तीन, तारीख मागे जायची आणि बँकेची साइट ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडायची नाही. चार, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या. बाईंच्या मते चारही एकाच दुखण्याच्या, म्हातारपणाच्या. मुलाचंही तेच मत, आणि दुकानात येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांचं असंच असतं.

माझं मत वेगळं आहे. घरगुती संगणक ही एक वस्तू नसून एका पेटीत ठेवलेल्या सात-आठ वस्तू आहेत आणि त्यांची वयं वेगवेगळी असतात. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत म्हातारी होते. मदरबोर्डवरचा सेल पाच-सात वर्षांत उतरतो. हार्ड डिस्कचा भरवसा पाच वर्षांनंतर कुणी देऊ नये. प्रोसेसर मात्र सहसा मरत नाही, तो कालबाह्य होतो. ‘संगणक गेला’ या वाक्यावर निर्णय घेतला की धडधाकट वस्तू भंगारात जातात आणि ज्या वस्तूत खरा धोका आहे ती डिस्क त्यांच्याबरोबर दुसऱ्याच्या हातात जाते.

आधी भिंत, मग पेटी

पेटी उघडण्याआधी मी भिंतीतल्या सॉकेटकडे गेलो. झिणझिण्यांचं कारण बहुतेक वेळा तिथेच असतं. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, विजेतली खरखर गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून झिरपणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर मुख्य दाबाच्या साधारण निम्मा, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट दाब उभा राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने बहुधा झिणझिण्यांवर भागतं. पण आत खरोखरच काही शॉर्ट झालं तर वीज जायला दुसरी वाट नसते. मग ती वाट माणूसच होतो.

बाईंकडे सॉकेट तीन भोकांचं होतं. ओळखीच्या वायरमनने टेस्ट लॅम्प लावून दाखवलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये दिवा लख्ख, फेज आणि अर्थिंगमध्ये ढिम्म. सॉकेट उघडलं तर वरच्या भोकाला वायरच नव्हती. जुन्या घरांत हा प्रकार सर्रास आढळतो. तिसरं भोक दिसतं, म्हणून अर्थिंग आहे असं आपण धरून चालतो. वायर ओढून घेतली आणि एका तक्रारीवर काट बसली. संगणकाला हातही लावला नव्हता.

एक्स्टेन्शन बोर्डही बदलायला लावला. त्यावर संगणक, मॉनिटर, राउटर आणि शेजारी मिक्सर अशी वर्दळ होती. ज्यांच्याकडे लेझर प्रिंटर आहे त्यांनी तो यूपीएसच्या बॅटरीवर चालणाऱ्या सॉकेटला लावू नये. छापताना तो आतला रोलर तापवायला एकदम इतकी वीज ओढतो की छोटा यूपीएस ओरडत बसतो. बाईंचा साधा इंकजेट असल्यामुळे इथे तो प्रश्न आला नाही.

वळवाच्या पावसात मात्र प्लग काढायची सवय त्यांना नव्हती. ढग गडगडायला लागले की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून ओढायचा. इंटरनेट तांब्याच्या केबलवरून येत असेल तर तीही सोडवायची. विजेचा झटका त्या वाटेनेही आत येतो, आणि राउटरसोबत मदरबोर्डचा नेटवर्कचा भाग जळालेली यंत्रं मी दर मे महिन्यात पाहतो.

मदरबोर्ड गेला नव्हता

पेटी उघडली. मागच्या बाजूला जिथे जादा कार्ड बसवतात, तिथली एक पत्र्याची पट्टी कधीतरी पडून गेली होती. त्या फटीतून पाल आत शिरली होती आणि तिने अंडी घातली होती. बाकी नेहमीचंच होतं. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची गादी, त्याखाली कडक होऊन पापडी धरलेली थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर काढायला लावलेला लेप. प्लग काढून, पॉवरचं बटण काही क्षण दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअर मारला. पाती का धरायची? मोकळा पंखा ब्लोअरच्या झोताने भलत्या वेगाने फिरतो आणि त्याचे बेअरिंग जातात. काही लोक कॅबिनेट उचलून पंक्चरवाल्याकडे नेतात आणि कॉम्प्रेसरची हवा मारून आणतात. त्या हवेत पाण्याचे आणि तेलाचे थेंब असतात. गाडीच्या टायरला ते चालतात, सर्किटला नाही.

मग रॅमची पट्टी काढली. तिच्या खालच्या कडेची सोनेरी टोकं काळपट पडली होती. पांढऱ्या खोडरबराने दोन्ही बाजू हलक्या हाताने घासल्या, कण ब्रशने झाडले, स्लॉटमधली धूळ काढली आणि पट्टी दोन्हीकडून ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबून बसवली. बटण दाबलं, बीप झाली, पडद्यावर अक्षरं आली.

‘एवढंच?’ बाईंनी विचारलं.

‘सुरू न होण्यापुरतं एवढंच. पण आता बंद करतोय, बाई. विंडोज उघडू द्यायचं नाही.’

‘अरे, सुरू झालाय तर बघू तरी दे कुलवृत्तांत!’

पावसाळाभर बंद पडलेल्या यंत्रात ओलाव्याने टोकं काळी पडणं ही साताऱ्यासारख्या पावसाच्या गावातली नेहमीची गोष्ट आहे, कोकणात तर विचारूच नका. संगणक आठवड्यातून एक-दोनदा तासभर चालवला तरी त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आतला दमटपणा निघून जातो. महिनोन्महिने बाहेरगावी जायचं असेल तर शेजारच्या एखाद्या विश्वासू मुलाला किल्ली द्यावी. कापडी कव्हर घातलेला संगणक धुळीपासून वाचतो, ओलाव्यापासून वाचत नाही. आणि चालू संगणकावर कव्हर ठेवून तो आतल्या आत शिजवणारीही घरं आहेत.

तारीख मागे जाण्याचं कारण मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२. ताजा सेल तीन व्होल्टच्या वर दाखवतो, हा खूप खाली गेला होता. वीज बंद असताना घड्याळ चालवणं हे त्याचं काम. तो उतरला की संगणक स्वतःला पुन्हा कारखान्यातल्या तारखेवर नेतो. बँकेच्या साइटचं प्रमाणपत्र अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत वैध असतं. संगणकाच्या लेखी तो पहिला दिवस अजून उजाडलेलाच नसतो, म्हणून ब्राउझर अडून बसतो. या एका सेलपायी बाईंनी बँकेत दोन हेलपाटे मारले होते. एकदा इंटरनेटवर शोधून काढलेल्या ‘ग्राहक सेवा’ नंबरवर फोनही केला होता. पलीकडच्याने संगणकाचा ताबा घेणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं, तेव्हा बाईंनी फोन आपटला. शाळेत चाळीस वर्षं थापा ऐकलेल्या माणसाला थाप कळते. सगळ्यांना कळतेच असं नाही. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर फोन करावा. नवा सेल कोणत्याही घड्याळवाल्याकडे थोडक्या रुपयांत मिळतो.

डिस्क

विंडोज उघडू दिलं नाही त्याचं कारण डिस्क. अकरा वर्षं चाललेली, महिनोन्महिने बंद राहिलेली आणि सुरू व्हायला मिनिटंच्या मिनिटं घेणारी यांत्रिक डिस्क मला तीन बाजूंनी संशयास्पद वाटत होती. विंडोज सुरू झालं की ते डिस्कवर लगेच लिहायला लागतं, अपडेट ओढतं, कधी स्वतःहून डिस्क तपासायला घेतं. मरायला टेकलेल्या डिस्कला ती दगदग सोसत नाही. घरचा पोरगा मदतीला धावून ‘चेकडिस्क’ चालवतो तेव्हा नेमकं हेच होतं. ते फाइलींची रचना दुरुस्त करायला जातं आणि जे अजून वाचता आलं असतं तेही उलथंपालथं करून ठेवतं.

म्हणून विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी संगणक प्रणाली सुरू केली आणि डिस्कची स्मार्ट नोंद वाचली. स्मार्ट म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची वही. तिच्यातले दोन आकडे बघायचे. निकामी झाल्यामुळे बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे, आणि वाचताना अडखळून ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवलेले सेक्टर. निरोगी डिस्कवर दोन्हींसमोर शून्य असतं. इथे दोन्हींसमोर शून्य नव्हतं. घरी विंडोजवर हेच बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाची फुकट प्रणाली आहे. तिथे निळ्या रंगातलं ‘गुड’ दिसलं तर बरं. पिवळं ‘कॉशन’ दिसलं तर त्याच दिवशी कॉपी घ्यायची, रविवारची वाट बघायची नाही.

कॉपीसाठी डीडीरेस्क्यू हे आजारी डिस्कवरून मजकूर वाचवणारं साधन वापरलं. त्याची रीत मला आवडते. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवतं, अडलेल्या जागा वहीत टिपून पुढे जातं आणि शेवटी परत येऊन त्या जागांशी झटापट करतं. साध्या कॉपी-पेस्टचं उलट आहे, ते पहिल्या अडथळ्यालाच दात-ओठ खात बसतं आणि डिस्क तिथेच दम सोडते. रात्रभर काम चाललं. जवळजवळ सगळं हाती आलं, काही गाणी आणि एका लग्नाच्या चित्रफितीचा तुकडा गेला. कुलवृत्तांत पूर्ण होता.

पूर्ण होता, पण वाचता येत नव्हता. माझ्या संगणकावर फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस यांची खिचडी. बाईंचा चेहरा उतरला. यात फाइलीचा दोष नव्हता. श्रीलिपी, आयएसएम, आकृती, कृतिदेव या फॉन्टांच्या जमान्यातला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण सांकेतिक पद्धतीत, नसतो. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात आणि नेमका तो फॉन्ट असेल तरच ते तुकडे मराठी दिसतात. म्हणून जुन्या मराठी संगणकाची कॉपी घेताना ‘माय डॉक्युमेंट्स’ उचलून भागत नाही. विंडोजमधलं फॉन्टचं फोल्डर, श्रीलिपीची सीडी आणि यूएसबीला लावायचं डोंगल, म्हणजे जिच्याशिवाय श्रीलिपी चालत नाही ती छोटी किल्ली, हे तिन्ही सांभाळावं लागतं. बाईंनी डोंगल देवघराच्या खणात ठेवलं होतं, हे त्यांच्यातल्या मुख्याध्यापिकेचे उपकार. महाराष्ट्रातल्या कितीतरी छोट्या छापखान्यांचा, मंडळांचा आणि ग्रामपंचायतींचा मजकूर अशाच फॉन्टमध्ये अडकून पडला आहे, आणि संगणक भंगारात जाताना त्याची किल्लीही जाते.

ठेवायचा की नवा घ्यायचा

मुलाच्या बोलण्यात तथ्य होतं, ते मी बाईंना सांगितलं. विंडोज १०चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. चौथ्या पिढीचं हे यंत्र त्यात बसत नाही. ती अट चुकवून विंडोज ११ घालता येतं आणि बाजारात घालूनही देतात. मी घालत नाही. मोठं अपडेट आलं की असं यंत्र कधी अडेल याची खात्री कुणीच देत नाही, आणि फोन मात्र मला येतो.

उरले तीन मार्ग. नवा लॅपटॉप घेणं. लिनक्स मिंटसारखी फुकट प्रणाली घालणं. बँक, व्हिडिओ कॉल, हिशोब यांना ती छान चालते, पण श्रीलिपी तिच्यावर चालत नाही. किंवा विंडोज १०ची वर्षभराची वाढीव सुरक्षा घेणं. ही घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याला संगणक जोडून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर तिचे पैसेही पडत नाहीत. विंडोज १० चालू असलेल्या पुष्कळ घरांना हे ठाऊकच नाही.

तिसरा मार्ग घेतला, तोही मुदतीच्या बोलीवर. वर्षभरात कुलवृत्तांत युनिकोडमध्ये आणायचा, मग पुढचं पाहायचं. यंत्रात २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, घातली, रिकाम्या स्लॉटमध्ये ४ जीबी रॅमची वापरलेली डीडीआर-३ पट्टी घातली, थर्मल पेस्ट नवी लावली, मागच्या पडलेल्या पत्र्याच्या पट्टीच्या जागी दुसरी बसवली. यूपीएसला १२ व्होल्ट ७ एएचची नवी बॅटरी टाकली. विंडोज कोरं घातलं. लायसन्सची नोंद मदरबोर्डशी बांधलेली असल्याने ते आपोआप चालू झालं. मदरबोर्ड खरंच बदलला असता तर त्याचाही घोळ निस्तरावा लागला असता. सगळा खर्च मुलाने पाहून ठेवलेल्या लॅपटॉपच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आला. सुरू व्हायला आता मिनिटभरही लागत नाही. गती प्रोसेसरने कधी अडवलीच नव्हती, फिरत्या डिस्कने अडवली होती. दहा वर्षांपूर्वीच्या बहुतेक घरगुती यंत्रांचं हेच रडगाणं आहे. एसएसडी न घालता नुसती रॅम वाढवून पैसे घालवणारे पाहिले की वाईट वाटतं.

युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या प्रणाली मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराची जागाही तशीच बदलते. जोडाक्षराला वेलांटी लागली की रूपांतर हमखास घसरतं, आणि कुलवृत्तांतात तर आडनावं आणि गावंच गावं. म्हणून आधी श्रीलिपीतूनच प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ काढली. तीत अक्षरं चित्रासारखी गोठलेली असतात, पुढे ती कुठेही तशीच दिसतात. रूपांतर केलेलं पान तिच्याशी ताडून पाहायचं. हे काम बाई स्वतः करतात, लाल पेन घेऊन, उत्तरपत्रिका तपासल्यासारख्या.

कॉप्यांची व्यवस्था अशी लावली: एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक पुण्याला मुलाकडे. बाहेरची डिस्क आठवड्यातून एकदा लावायची, कॉपी झाली की काढून कपाटात ठेवायची. कायम जोडून ठेवलेल्या डिस्कला बॅकअप म्हणू नये, खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर तो तिलाही कुलूप लावतो. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यापुरता, साठवण म्हणून नाही.

बँकेची कागदपत्रं कूटबद्ध करून, म्हणजे पासवर्डशिवाय उघडणार नाहीत अशी, ठेवावीत का, असं मुलाने विचारलं. बहुतेक तज्ज्ञ ‘ठेवा’ म्हणतील. मी या घरापुरतं ‘नको’ म्हटलं. इथे चोरापेक्षा पासवर्ड विसरण्याचा धोका मोठा आहे, आणि विसरलेल्या पासवर्डला डीडीरेस्क्यूही वाचवू शकत नाही.

माळ्यावरचा पसारा

माळ्यावरून निघालं ते असं: एक पेंटियम-४चा संगणक, त्यात ४० जीबीची डिस्क, १७ इंची सीआरटी (जाड काचेच्या नळीचा जुना) मॉनिटर, फुगलेली यूपीएस बॅटरी, गोल पिनांचे कीबोर्ड-माउस, वायरींचं भेंडोळं. त्यात आता ५०० जीबीच्या आजारी डिस्कचीही भर.

भंगारवाल्याने सगळ्यांत चांगला भाव बॅटरीचा काढला, कारण शिसं. मग कॅबिनेटचा पत्रा. सीआरटी फुकटही नको म्हणाला, मग म्हणाला, ‘ठेवा, नेतो.’ नेतो म्हणजे काय करतो हे माहीत असावं. मागचं तांब्याचं वेटोळं काढून घेतात आणि काच उकिरड्यावर फोडून टाकतात. त्या काचेतच शिसं असतं, एका मॉनिटरमध्ये किलोच्या हिशोबात. वायरी जाळून तांबं काढतात, पीव्हीसीचा तो धूर विषारी. सर्किट बोर्ड आम्लात बुडवून सोनं काढण्याचे धंदे तर वस्त्यांमधून चालतात. भंगारवाल्याला नावं ठेवायची नाहीत. तो बाकी पुष्कळ चांगलं काम करतो, पण या मालासाठी त्याच्याकडे ना साधनं आहेत ना हातमोजे.

शेजाऱ्यांनी सुचवलं, ‘पेंटियम शाळेला देऊन टाका, पोरं शिकतील.’ बाई एकदम म्हणाल्या, ‘मुळीच नाही. असली मशीनं माझ्याही शाळेत आली होती. एकदा डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली की फेकताही येत नाहीत. निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवा, मंजुरीची वाट बघा, तोवर एक खोली अडकलेली. दान करायचं तर चालू मशीन करा.’ हे मी कुठल्याही मार्गदर्शिकेत वाचलं नव्हतं. दान देणाऱ्याने एक साधी कसोटी लावावी: हे यंत्र मी आज माझ्या पुतण्याला अभ्यासाला देईन का? नसेन, तर ते दान नव्हे.

आधी डिस्कांचं काम केलं. फाइल डिलीट केली किंवा झटपट फॉरमॅट मारला तर फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर तिथेच राहतो आणि फुकटच्या प्रणालीने परत काढता येतो. ४० जीबीची डिस्क यूएसबी जोडणीने लावून पाहिली. तीत शाळेच्या गुणपत्रिका, पॅन कार्डाचं स्कॅन, जुनी बँक पासबुकं होती. हवं ते काढून घेतलं आणि विंडोजच्या डिस्कपार्ट या साधनातल्या ‘क्लीन ऑल’ आज्ञेने अथपासून इतिपर्यंत शून्यं लिहिली. फिरत्या डिस्कला एकदा लिहिणं पुरतं, पस्तीस वेळा लिहिण्याच्या जुन्या गोष्टी आता सोडून द्याव्यात. एकच काळजी घ्यायची. ही आज्ञा देताना दुसरी कुठलीही बाहेरची डिस्क जोडलेली नको आणि क्रमांक दोनदा वाचायचा. ती ‘खात्री आहे का?’ असं विचारत नाही.

५०० जीबीच्या डिस्कला हा उपाय चालत नाही. निकामी म्हणून बाजूला काढलेल्या सेक्टरांवर पुन्हा लिहिता येत नाही आणि त्यांत काय उरलंय ते सांगता येत नाही. तिला ड्रिलने तीन भोकं पाडली, आतल्या तबकड्यांतून आरपार, डोळ्यांना चष्मा लावून. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमध्ये तबकडी काचेची असू शकते, तिचे तुकडे उडतात, ते घरी करू नये. एसएसडीची गोष्ट वेगळी. ती लिहिण्याची जागा स्वतःच फिरवत राहते, म्हणून वरून शून्यं लिहिल्याची खात्री धरता येत नाही. तिच्यासाठी कंपनीच्या प्रणालीतलं ‘सिक्युअर इरेज’ वापरायचं. बाईंच्या नव्या एसएसडीवर वेळ येईल तेव्हा तेच करायचं, असं कॅबिनेटच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवलं आहे.

बॅटरी दुकानदाराने नवी देताना जुनी वळती करून घेतली. बॅटऱ्यांचे नियम वेगळे आहेत, २०२२चे, आणि शिशाच्या बॅटरीला परतीची साखळी चांगली बसलेली आहे. बाकीच्यासाठी ई-कचरा नियम, २०२२, जे १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. त्यांत वस्तू परत घेऊन पुनर्चक्रीकरण करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. घरगुती ग्राहकाला नोंदणी वगैरे काही करावी लागत नाही, माल नोंदणीकृत साखळीत पोचेल एवढं बघायचं. नोंदणीकृत पुनर्चक्रकांची नावं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर राज्यवार मिळतात. अडचण एवढीच की एका मॉनिटरसाठी कुणी साताऱ्याला गाडी पाठवत नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरचा ई-कचरा गोळा करते, बऱ्याच सोसायट्यांत संकलनाचे दिवस असतात. मुलगा भाऊबीजेनंतर परतताना पेंटियम, सीआरटी, कीबोर्ड आणि भोकं पाडलेली डिस्क गाडीत घालून घेऊन गेला आणि त्याच्या सोसायटीच्या संकलनात देऊन पावती घेतली. सीआरटी काच खाली नको म्हणून मागच्या सीटवर, पट्टा लावून. ज्यांचा मुलगा पुण्यात नाही त्यांनी आळीतल्या चार घरांचा माल एकत्र करून मग पुनर्चक्रकाला फोन करावा, वजन भरलं की ते येतात.

वायरींचं भेंडोळं बाईंनी दिलं नाही. त्यातली पॉवर केबल आणि मॉनिटरची केबल मी काढून पिशवीत ठेवायला सांगितली, ती अजून उपयोगाची आहे. बाकीचं पुढच्या खेपेला.

कुलवृत्तांताची निम्म्याहून अधिक पानं युनिकोडमध्ये तपासून झाली आहेत. १३ ऑक्टोबर २०२६ नंतर या यंत्राचं इंटरनेट तोडायचं आणि ते फक्त श्रीलिपीसाठी ठेवायचं, की श्रीलिपीची गरज संपली म्हणून त्यावर लिनक्स मिंट घालायचं, हे उरलेल्या पानांच्या गतीवर ठरेल. मुलाने लॅपटॉप अजून घेतलेला नाही. बाईंचं म्हणणं, घ्यायचाच तर पडदा मोठा असलेला घे, तुझ्यासारखा छोटा मला दिसत नाही.